जुन्या शिडाच्या बोटीतला संडास : फिटर बांधवांसाठी एक दुर्लक्षित काम

अरबी बगल्यांवर आणि आपल्या किनाऱ्यावरच्या मोठ्या गलबतांवर शौचाची सोय म्हणजे पिछाडीला बाहेर लटकवलेली लाकडी पेटी. खाली थेट समुद्र. वास नाही, दुरुस्ती नाही. हौशी लोकांच्या शिडाच्या बोटीत मात्र संडास आत, झोपण्याच्या जागेला लागून असतो आणि बोट जुनी असली की मालकाची पहिली तक्रार त्याचीच असते. विषय नाक मुरडण्याचा आहे, हे मान्य. पण नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, म्हणूनच काम जाणणाऱ्या फिटरला किंमत आहे.

१९६०-७० च्या सुमाराच्या बहुतेक बोटींत हातपंपाने मैला सरळ समुद्रात जाई. अमेरिकेत ३० जानेवारी १९८० नंतर संडास बसवलेल्या सर्वच बोटींना मैला साठवण्याची किंवा शुद्ध करण्याची व्यवस्था सक्तीची झाली. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत कच्चा मैला सोडणे तिथे गुन्हा आहे. तुर्कस्तानात गोजेक, मार्मारिस भागात बोटीला ‘मावी कार्त’ म्हणजे निळे कार्ड असते व टाकी कुठे, किती रिकामी केली याची त्यावर नोंद होते. त्यामुळे जुन्या बोटीत मागाहून टाकी बसवण्याचे काम निघते.

टाकीचा हिशेब साधा आहे. एका वेळेस दोन लिटर पाणी धरले तर ६० लिटरची टाकी तीस वेळांत भरते. चार माणसे दिवसाला पाच वेळा गेली तर दीड दिवसात संपली! आपल्या पद्धतीने पाण्याने तहारत करणाऱ्यांकडे ती आणखी लवकर भरते; पण कागद तुंबण्याची कटकट नसते, हा फायदाही मोठा. टाकी जाड पॉलिथीनची घ्यावी. लघवीने ॲल्युमिनियम सडते आणि स्टेनलेस स्टीलही वेल्डिंगच्या सांध्यात खाल्ले जाते. भरलेली टाकी साठ किलोची. बोट कलते तेव्हा ती हलता कामा नये, म्हणून पट्टे मजबूत हवेत.

वास आला की मालक टाकीला दोष देतो. पुष्कळदा गुन्हेगार पाइप असतो. जुना रबरी पाइप वास आत मुरवून घेतो. गरम पाण्यात भिजवलेले फडके त्यावर पाइप कोमट होईपर्यंत गुंडाळावे, मग निराळे नेऊन हुंगावे. वास आला तर पाइप बदलावा. दुसरे कारण हवेची नळी. ती तुंबली किंवा फार बारीक असली की आत हवा पोहोचत नाही आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू धरतो. हा वायू विषारी आहे. जास्त झाला की नाकाला वास कळेनासा होतो, म्हणून वास गेला याचा अर्थ धोका गेला असा घेऊ नये. टाकीत डोके घालू नये. झाकण उघडण्याआधी बोटीच्या खिडक्या उघडाव्यात.

लघवी व खारे पाणी मिळून पाइपात चुन्यासारखा थर चढतो. दीड इंची पाइपचे भोक बोटभर उरलेले दिसते. थर पातळ असेल तर सिरक्याने सुटतो. ॲसिड वापरायचेच तर ब्लीचिंगशी त्याची गाठ कधी पडू देऊ नये, क्लोरीन सुटतो.

आता खरी जोखीम. संडासाचे भांडे पुष्कळदा पाण्याच्या पातळीखाली असते. पाइपला वर नेऊन उलट्या ‘यू’चा बाक दिला नाही, किंवा बाकावरचा हवेचा व्हॉल्व्ह मिठाने चिकटला, तर सायफन लागून समुद्र आत येतो आणि उभी बोट बुडते. बोट एका अंगावर कलली तरी हा बाक पाण्यावर राहिला पाहिजे. बोटीच्या तळाचा कॉकही तपासावा. साध्या पितळेतले जस्त खाऱ्या पाण्यात झिजते, धातू गुलाबी दिसतो आणि हातात तुटतो. तिथे गनमेटल किंवा ब्राँझच हवे. स्वस्तातला पितळी कॉक विकणाऱ्या दुकानदार बांधवांनी हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

दर ठरवताना बोट न पाहता अंगावर काम घेऊ नये. पंपाचे वायसर व रबरी व्हॉल्व्ह बदलणे हे दुपारचे काम. जॅब्सको, रॅरिटनसारख्या पंपांचे सुटे भाग तयार संचात मिळतात. परंतु तळाचा कॉक बदलायचा तर बोट पाण्याबाहेर काढावी लागते. क्रेनचा खर्च मालकाकडे, हे कागदावर लिहून घ्यावे. जुने पाइप वाकड्यातिकड्या जागेतून ओढायला नवे बसवण्याच्या दुप्पट वेळ लागतो, तोही धरावा.

काम झाल्यावर टाकी स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरून रात्रभर ठेवावी आणि सकाळी प्रत्येक सांध्याखाली कोरा कागद धरून पाहावा. प्रत्येक जोडावर दोन-दोन क्लिपा लावलेल्या असल्या तरी हे करावे. कागद कोराच निघाला तर मालकालाही तो दाखवावा आणि मगच बिल द्यावे.