प्रक्षेपकाचे रंग आणि चाचणी-चित्रे

गावोगावच्या शाळांत आणि ग्रामपंचायतींच्या सभागृहांत आता प्रक्षेपक, म्हणजेच प्रोजेक्टर, दिसू लागले आहेत. यंत्र बसविले, चित्र उमटले, की काम झाले असे मानले जाते. सोयाबीनवरील पिवळ्या मोझॅक रोगाची माहिती देण्यासाठी भरलेल्या एका सभेस प्रस्तुत लेखक उपस्थित होता. रोगट पानाचे छायाचित्र पडद्यावर आले तेव्हा पुढच्या रांगेतील एक वयस्क शेतकरी म्हणाले, "साहेब, हे पान तर हिरवंच दिसतंय." त्यांचे म्हणणे खरे होते. छायाचित्र निर्दोष होते. यंत्र मात्र 'डायनॅमिक' या प्रकारावर ठेवलेले होते. उजेड जास्तीत जास्त पडावा म्हणून या प्रकारात बहुधा हिरव्या प्रकाशाचा अंश वाढू दिला जातो आणि पिवळा रंग हिरव्याकडे झुकतो.

यावर उपाय म्हणजे चाचणी-चित्रे. 1982 साली दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यानंतर पडद्यावर दिसणाऱ्या उभ्या रंगपट्ट्या अनेकांना आठवत असतील. त्या याच जातीच्या. अशी चित्रे आज इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. घरी चित्रपट पाहणाऱ्यांनाही हीच रीत लागू पडते.

प्रथम दिवा अर्धा तास तापू द्यावा, खोलीत शक्य तितका अंधार करावा आणि 'सिनेमा' हा प्रकार निवडावा. प्रक्षेपक काळा रंग फेकू शकत नाही. खोलीतील उजेडात पडदा जेवढा काळा दिसेल, त्याहून चित्रातील काळा अधिक गडद होणार नाही. खिडकी उघडी ठेवून केलेली जुळवणी म्हणूनच व्यर्थ जाते. भिंत पिवळसर रंगविलेली असेल तर तिच्यावरही विसंबू नये.

यानंतरच्या दोन कळांची नावे फसवी आहेत. 'ब्राइटनेस' उजेड वाढविण्यासाठी नसून काळ्याची पातळी ठरविण्यासाठी आहे. पांढऱ्याची पातळी 'कॉन्ट्रास्ट'ने ठरते. चित्रफितीच्या संकेतात काळ्याचा अंक 16 व पांढऱ्याचा 235 असतो. काळ्या चाचणी-चित्रात 16 च्या किंचित खालच्या व वरच्या पट्ट्या असतात. खालच्या लोपाव्यात आणि वरची जेमतेम दिसावी, इतका ब्राइटनेस ठेवावा. मग पांढऱ्या चित्रातील 235 च्या अलीकडच्या पट्ट्या एकमेकींत मिसळू लागेपर्यंत कॉन्ट्रास्ट वाढवावा व थोडा मागे घ्यावा. एक कळ हलविली की दुसरी पुन्हा तपासावी लागते.

आता करड्या पायऱ्यांचे चित्र लावावे. त्यात निळसर वा हिरवट झाक दिसता कामा नये. प्रमाण पांढरा सुमारे 6500 केल्व्हिनचा असतो. यंत्रातील 'वॉर्म' हा पर्याय बहुधा त्याच्या जवळ येतो. प्रथमदर्शनी तो मळकट वाटतो, पण दहा मिनिटांत डोळे सरावतात.

रंगपट्ट्या निळ्या गाळणीतून पाहाव्यात. पांढरी व निळी पट्टी सारखीच उजळ दिसेपर्यंत 'कलर', आणि आकाशी व किरमिजी पट्टी सारखी दिसेपर्यंत 'टिंट' फिरवावे. संगणक जोडलेला असल्यास या दोहोंना हात लावण्याची गरज क्वचितच पडते.

जुळलेले आकडे कागदावर लिहून यंत्राजवळ लावावेत. दिवा वापराने मंदावतो. काही शे तासांनंतर, तसेच नवा दिवा बसविल्यावर, जुळवणी पुन्हा करावी.