फ्यूज मोटरजवळ नको, बॅटरीजवळ

पाठीवरचा बॅटरी पंप आता गावोगाव दिसतो. तशीच १२ व्होल्टची डायफ्राम मोटर सुटी आणून, हातगाड्यावर ड्रम मांडून फवारणी करणारे किंवा परसबागेला पाणी देणारेही पुष्कळ आहेत. दुकानात मोटर आणि बॅटरीची चौकशी कसून होते. वायर आणि फ्यूज मात्र ‘असेल ते द्या’ म्हणून घेतले जातात. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, मग भीती कसली? शॉकपुरते हे ठीक, आगीच्या बाबतीत ही समजूत घातक आहे.

८ अँपिअर-अवरची छोटी सीलबंद बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर क्षणात शंभरावर अँपिअर सोडते. ट्रॅक्टरची बॅटरी तर याच्या कितीतरी पट. बारीक वायरचे प्लास्टिक तेवढ्याने वितळून पेट घेते.

फ्यूज मोटर वाचवतो असे बहुतेकांना वाटते. मुळात तो वायर वाचवण्यासाठी असतो. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात. तो मोटरपाशी बसवला आणि वायर मधेच गाड्याच्या पत्र्याखाली चेंगरली, तर शॉर्टचा करंट फ्यूजपर्यंत पोचतच नाही.

आकडा काढणे सोपे आहे. पंपावर ६० वॅट लिहिले असेल तर भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर. त्याच्या सव्वापट धरून वरचा मिळणारा फ्यूज घ्यायचा : साडेसात अँपिअरचा, गाड्यांत असतो तो तपकिरी पात्याचा. सुरू होताना मोटर जास्त ओढते आणि तेवढ्याने तो उडत असेल, तर लाल, १० अँपिअरचा चालेल. पण वायर तेवढा करंट सहज पेलणारी हवी. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळणे म्हणजे वायरलाच फ्यूज करणे. घरातला साधा एसी एमसीबीही इथे नको. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. बॅटरीच्या डीसीला तो विसावा नसतो.

वायरच्या जाडीत कंजुषी केली तर पंपच रडतो. बॅटरी दहा मीटरवर असली तरी करंटला जाऊन-येऊन वीस मीटर तांबे ओलांडावे लागते. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ५ अँपिअरला सुमारे १.३ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. २३० व्होल्टच्या घरात ते जाणवणार नाहीत, बारातून गेले तर फवारा ढेपाळतो. अडीचच्या वायरमध्ये ही घट ०.८ आणि चारच्या वायरमध्ये ०.५ व्होल्टवर येते. माझा सल्ला चारचाच. त्याहून सोपे म्हणजे बॅटरी पंपाजवळ आणणे.

जॉइंट नुसते पिळून टेप गुंडाळू नका. फवारणीच्या पाण्याने तांबे हिरवे पडते, जॉइंट तापतो आणि तिथेही व्होल्ट गळतात. लग क्रिम्प करून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवावी.

नवा फ्यूज घालताक्षणी उडाला तर वायरमध्ये शॉर्ट शोधा. पंप काही वेळ चालून मग उडत असेल, तर गाळणी तुंबली आहे का, नळी दुमडली आहे का, मोटर जाम होते आहे का, ते पाहा. फ्यूज शाबूत आणि पंप मात्र मंद असेल, तर पंप चालू ठेवून मल्टिमीटर आधी बॅटरीच्या आणि मग मोटरच्या टोकांना लावा. दोन आकड्यांतला फरक एक व्होल्टच्या वर गेला, तर दोष वायरचा किंवा जॉइंटचा.