दोन पायऱ्यांचा चौरंग

आज वही-पेन आणि शिवणकामाची टेप जवळ घेऊन बसा, कारण आजच्या बोलण्यात मापं फार आहेत. विषय आहे घरच्या कम्प्युटरसाठी लाकडी स्टँड. आपला आपण करायचा, नाहीतर गल्लीतल्या सुतारदादांकडून आपल्या मापाने करून घ्यायचा.

आपल्या सोलापुरात पूर्व भागात, विडी घरकुलात आता बऱ्याच घरांत जुना डेस्कटॉप येऊन बसलेला दिसतो. मुलीची एमएस-सीआयटी, बचत गटाचे हिशेब, शेजारपाजारच्यांचे ऑनलाइन अर्ज भरून चार पैसे मिळवणं, सगळं त्याच्यावर चालतं. पण यंत्र आलं तरी त्याला जागा कुठली? मॉनिटर पत्र्याच्या पेटीवर, सीपीयू फरशीवर आणि की-बोर्ड मांडीवर. दिवसभर सुपात मान घालून विड्या वळलेली बाई संध्याकाळी पुन्हा मान वाकवूनच बसते. मग मान धरते, खांद्यातून कळ येते. घरातले म्हणतात, तुला कम्प्युटर सोसत नाही, राहू दे. अहो, सोसत नाही ती पेटीची उंची! आणि तेवढ्यावरून बाईच्या हातातलं काम जातं.

बाजारातलं तयार टेबल जवळजवळ ३० इंच उंच असतं. ते खुर्चीवर बसणाऱ्यासाठी केलेलं. जिथे रात्री त्याच खोलीत सगळ्यांची अंथरुणं पडतात, तिथे टेबल-खुर्ची मांडली की चालायला वाट उरत नाही. आपल्याला हवा चौरंगच, फक्त दोन पायऱ्यांचा. पुढच्या बुटक्या पायरीवर की-बोर्ड आणि माउस, मागच्या उंच पायरीवर मॉनिटर.

आता मापं. आधी बसणारीचं माप घ्या, कम्प्युटरचं नंतर. घरात जी सगळ्यात जास्त वेळ बसणार, तिचंच. चादरीची दोन इंच जाड घडी करून तिच्यावर मांडी घाला, पाठ सरळ ठेवा आणि दुसरीला टेप धरायला सांगा. जमिनीपासून डोळ्यापर्यंत किती? हात अंगाशी ठेवून कोपरात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत किती? मांडी घातल्यावर या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत रुंदी किती? हे तीन आकडे लिहा. मग मॉनिटर त्याच्या पायासकट खालपासून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा बोटभर खाली यायला हवी. म्हणून डोळ्याच्या उंचीतून मॉनिटरची उंची वजा केली की वरच्या पायरीची उंची मिळते. कोपराच्या उंचीतून एक इंच वजा केला की खालच्या पायरीची. तो एक इंच की-बोर्डच्या जाडीचा.

उदाहरण घेऊ. डोळा २९ इंचांवर, मॉनिटर १५ इंच, म्हणजे वरची पायरी १४ इंचांवर. कोपर १० इंचांवर, म्हणजे खालची पायरी ९ इंचांवर. गुडघ्यांची रुंदी २६ असेल तर आतली मोकळी जागा २८ ठेवा. गुडघे फळीला घासत असतील तर बसायला चादरीची आणखी एक घडी घ्या आणि डोळा-कोपर पुन्हा मोजा. चाळिशीचा दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर मॉनिटर दोन इंच खाली ठेवा, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि मान दुसऱ्या बाजूने धरते. ज्यांना मांडी घालवत नाही त्यांनी खुर्चीवर बसून हीच तीन मापं घ्यावीत. हिशेब तोच.

लाकूड म्हणाल तर पाऊण इंची, म्हणजे १८-१९ मिलिमीटरचा प्लायवूड पुरे. सगळं मिळून दहा-अकरा चौरस फूट लागतो. आठ बाय चारचा पूर्ण ताव घेऊ नका, वखारीत किंवा फर्निचरवाल्यांकडे उरलेले तुकडे विचारा. साध्या प्लायवर आयएस ३०३ असा शिक्का असतो, पाण्याला जास्त टिकणाऱ्यावर आयएस ७१०. साधा घेतलात तर बुडाला जुन्या रबरी स्लिपरचे तुकडे ठोका, म्हणजे फरशी पुसताना लाकूड भिजत नाही. काही घरांत बंद पडलेल्या हातमागाचं लाकूड माळ्यावर पडून असतं. त्याला वाळवीचा भुसा दिसत नसेल तर ते जरूर वापरा, फक्त आतले खिळे आधी काढा. ज्या मागासाठी आजीने कांड्या भरल्या, त्याचंच लाकूड नातीच्या मॉनिटरखाली जातं, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

आपल्या उदाहरणातले तुकडे असे. दोन बाजू, प्रत्येकी २२ इंच खोल, पायरीसारख्या कापलेल्या: पुढचे १२ इंच सव्वाआठ इंच उंच, मागचे १० इंच सव्वातेरा इंच उंच. वर पाऊण इंचाची फळी बसली की ९ आणि १४ पूर्ण होतात. खालची फळी साडेएकोणतीस बाय १२, वरची साडेएकोणतीस बाय १०. पाठीमागे दोन्ही बाजूंच्या मध्ये २८ बाय ८ ची फळी उभी लावायची. सुतार म्हणतील, ताई, ही नसली तरी चालेल. ऐकू नका. तिच्यावाचून स्टँड डावी-उजवीकडे डुलतो.

स्क्रू मारण्याआधी बारीक ड्रिलने भोक पाडा, नाहीतर प्लायची कड फाटते. सांध्याला फेविकॉल लावा आणि दीड ते दोन इंची स्क्रू वापरा. चौकट काटकोनात आहे का हे पाहायला गुण्या नसला तरी अडत नाही. पाठीच्या बाजूने, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोरा धरा, मग दुसरा तिरपा धरून बघा. दोन्ही सारखे आले की काम सरळ. रात्रभर वाळू द्या. मग पॉलिश पेपरने घासा, आणि पुढची कड चांगली गोल करा, कारण मनगट दिवसभर तिथेच टेकणार.

सीपीयूसाठी चार इंची पायांचा वेगळा पाट करा आणि तो स्टँडच्या बाजूला ठेवा. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पाण्याच्या दिवशी घागरी-पिंपांची किती धावपळ होते आणि फरशी किती ओली होते हे आपल्याला ठाऊक आहे. फरशीवरचा सीपीयू आणि जमिनीवर लोळणारा एक्स्टेन्शन बोर्ड त्या दिवशी जिवावर बेतू शकतो. बोर्ड स्टँडच्या बाहेरच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर, स्क्रूने पक्का करा. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. वायरमनला दाखवल्याशिवाय तो चालू करू नका.

पाट भिंतीपासून सहा इंच पुढे हवा. मागून पंख्याची गरम हवा बाहेर पडते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिला वाट लागते. जवळ यंत्रमाग असेल तर हवेत कापसाचे तंतू उडतात आणि सीपीयूच्या जाळीत अडकतात. महिन्यातून एकदा प्लग काढून, कोरड्या रंगाच्या ब्रशने जाळी झाडा. आणि कम्प्युटर चालू असताना त्याच्यावर चादर घालू नका, ती कितीही सुंदर सोलापुरी असली तरी.

स्टँड तयार झाला की लगेच मॉनिटर चढवू नका. वरच्या फळीवर दहा किलो ज्वारीचा डबा ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी डबा तसाच ठेवून स्टँड दोन्ही हातांनी हलवून बघा. कुरकुरला तर पाठीमागच्या फळीला आणखी दोन स्क्रू द्या.