थ्रॉटल पोझिशन सेन्सर : बदलण्याआधी तपासा

महामार्गावर वसई फाट्याजवळ ट्रकला ओव्हरटेक करताना जुनी गाडी अडखळली, तर जिवावर बेतू शकतं. याची कारणं बरीच असतात; त्यातलंच एक म्हणजे बिघडलेला थ्रॉटल पोझिशन सेन्सर.

पेडल दाबलं की थ्रॉटलची झडप उघडते आणि इंजिनात हवा जाते. झडप किती उघडली हे सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला कळवतो. त्यावरून किती पेट्रोल सोडायचं ते ठरतं. जुन्या गाड्यांतल्या या सेन्सरचं तत्त्व प्रयोगशाळेतल्या रिओस्टॅटसारखंच : रोधाच्या पट्टीवर सरकणारा स्पर्शक. वर्षानुवर्षं घासून पट्टी झिजते आणि संदेश मध्येच तुटतो.

तपासणी अशी करा. इंजिन बंद, चावी ऑन. तीन तारांपैकी एकीवर साधारण ५ व्होल्ट असतात, दुसरी अर्थिंगची, तिसरी संदेशाची. झडप हळूहळू उघडताना मल्टिमीटरवर संदेश साधारण ०.५ पासून ४.५ व्होल्टपर्यंत सलग चढायला हवा. मध्येच आकडा उडाला, तर सेन्सर बदला. पण ५ व्होल्टच येत नसतील, तर आधी तारा आणि कनेक्टर बघा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पिना गंजतात. नुसत्या साफ करूनही काम भागू शकतं.

बदलताना बॅटरीची ऋण तार आधी काढा. बसवल्यावर झडप बंद असतानाचं व्होल्टेज गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा.

विचार करा : पट्टी सगळ्यात जास्त कुठे झिजत असेल? जिथे पेडल सर्वाधिक वेळ असतं तिथेच ना!