भुकेचे ऐका, मीटरही पाहा

आपल्या घरात कुणाला मधुमेह झाला की सगळ्यांची नजर त्याच्या ताटावर जाते. ‘अब्बा, भात नको’, ‘अम्मी, शिरखुर्मा राहू द्या.’ चारचौघांत राहिलेली इच्छा मग रात्री स्वयंपाकघरात पुरी होते, आणि चोरून खाल्लेले बहुधा जास्तच खाल्ले जाते.

एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये पुस्तक लिहून वेगळी वाट सुचवली. पदार्थांवर बंदी नको. भूक लागल्यावर खावे, पोट भरल्याचे जाणवताच थांबावे. आपल्याला हे परके नाही. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही शिकवण आपल्या नबी (स.) यांची आहे.

मात्र मधुमेहात भूक फसवूही शकते. रक्तात साखर भरपूर असूनही ती पेशींपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून पुन्हा भूक लागते. उलट इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम सुटतो. तेव्हा वाट न पाहता लगेच साखरेचे पाणी द्यावे.

म्हणून भूक आणि मीटर दोघांचेही ऐकू या. जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासली की किती भात सोसतो हे कळते. औषधे आणि जेवणाच्या वेळा मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात.

दस्तरखानावर ‘आणखी घ्या’चा आग्रह नको, ‘नको’चा धाकही नको. सर्वांसोबत, सावकाश खाल्लेले थोडेसेही समाधान देते.