पडद्याआडचा खलनायक आणि रिकामा रकाना

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह नावाचे स्थानक लागते. पोखर्णी हे आमच्या बहिणीचे सासर. २०२५ च्या मे महिन्यात नृसिंह जयंतीच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो होतो. हिरण्यकशिपूची कथा तेथल्या लहान पोरालाही पाठ असते. दिवसा मरण नाही, रात्री नाही. घरात नाही, घराबाहेर नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. या वरात फट कोठे आहे ते सर्वांना ठाऊक असते आणि तरीही खांब फुटतो तेव्हा ऐकणारा सावरून बसतो. या कथेत खलनायकाबद्दल काहीच लपवलेले नाही. तो कोण, त्याला काय हवे, तो कसा मरतो, सारे उघड.

त्याच रात्री ओसरीवर मात्र एका अगदी उलट जातीच्या खलनायकावरून भांडण जुंपले होते. एका बाजूला आमची भाची, अकरावीत विज्ञान शाखेत शिकणारी. दुसऱ्या बाजूला तिचा चुलत भाऊ, पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला. विषय होता संगणकावरचा एक खेळ. शेवटी भाची आमच्याकडे वळून म्हणाली, "मामा, तुम्ही शास्त्रज्ञ आहात ना? मग तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर."

खरे सांगायचे तर आम्हाला त्या खेळातले ओ की ठो कळत नव्हते. पण तासभर ऐकल्यावर ध्यानात आले की ही दोघे जे करत होती ते आमच्या प्रयोगशाळेत चालते त्याहून फार वेगळे नव्हते. आमच्या चुकाही त्यात होत्या. शिक्षक वाचकांच्या वर्गात अशी मुले हमखास असतील, म्हणून हे लिहीत आहोत.

प्रथम खेळाची ओळख. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने बहुतांशी एकट्याने तयार केलेला 'अंडरटेल' हा खेळ २०१५ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला. नेम धरून गोळ्या झाडण्याचा हा खेळ नव्हे. ही एक कथा आहे आणि खेळणारा तिच्यातले एक पात्र होतो. माणसांनी युद्धात हरवून जमिनीखाली कोंडलेल्या राक्षसांच्या राज्यात एक मूल पडते आणि तेथून बाहेर पडायची वाट शोधते. वाटेत सांगाड्यांची एक भावंडजोडी भेटते, सान्स आणि पपायरस. संगणकावर अक्षरजुळणी केलेल्यांना ही नावे ओळखीची वाटतील. दोन्ही नावे अक्षरवळणांची आहेत आणि ते दोघे बोलतात तेव्हा पडद्यावरची अक्षरेही त्याच वळणाची असतात.

या कथेत गॅस्टर नावाचा कोणीएक आहे. आहे म्हणावे की नाही, येथूनच वाद सुरू होतो. पूर्ण नाव डब्ल्यू. डी. गॅस्टर. हा पूर्वीचा राजवैज्ञानिक. आपल्याच निर्मितीत पडला आणि नाहीसा झाला. एवढी माहितीसुद्धा सरळ मिळत नाही. नवा डाव सुरू करताना खेळ गुपचूप १ ते १०० मधला एक अंक निवडतो. तो अंक काही ठराविक अंकांपैकी असेल तरच करड्या रंगाची काही माणसे दिसतात आणि गॅस्टरबद्दल दोन वाक्ये बोलून जातात. अंक ६६ असेल तर एक जादा दार सापडू शकते. दारामागच्या खोलीत एक काळपट आकृती उभी असते. तिच्याशी बोलायला जावे तर ती नाहीशी होते.

येथे वर्गासाठी एक छान गणित आहे. शंभरातला एकच अंक हवा, तर शंभर वेळा नवा डाव मांडला की तो एकदा तरी पडणारच, असे बहुतेक मुले सांगतील. तसे नाही. प्रत्येक वेळी तो न पडण्याची शक्यता ०.९९. शंभरदा न पडण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. शंभर डाव मांडूनही तीन जणांतल्या एकाहून थोड्या अधिकांच्या हाती काही लागणार नाही. इतकी वाट पाहायला कोणाला वेळ आहे? लोकांनी खेळाची फाइलच उघडली, अंक हाताने बदलला आणि आतले सामानही चाळून पाहिले. तेथे त्यांना खेळताना एरवी कधीच न दिसणारी एक खोली सापडली. तिच्यातला मजकूर विंगडिंग्ज या चिन्हांच्या वळणात होता. मग काय विचारता! विंगडिंग्जमधून डब्ल्यू आणि डी निघतात. 'अॅस्टर' नावाचेही एक अक्षरवळण आहे. सांगाडे अक्षरवळणांचे, हाही अक्षरवळणाचा, तेव्हा हा त्यांचा बाप. निदान थोरला भाऊ तरी.

हा तर्क आमच्या भाचीला पक्का वाटत होता. करड्या दारामागची आकृती ती गॅस्टरच, आणि पुढच्या खेळातल्या सगळ्या अनर्थाच्या मुळाशी तोच, असे तिचे म्हणणे.

आम्ही तिला विचारले, "त्या आकृतीचे नाव गॅस्टर आहे असे खेळ सांगतो काय?" ती थबकली. नाही सांगत. खेळाच्या आतल्या चित्राच्या नावाचा अर्थही 'गूढ मनुष्य' एवढाच आहे. गॅस्टरचे म्हणून जे चित्र जगभर रंगवले जाते ते अनुमानावर उभे आहे. आणि तो दुष्ट होता असेही कोणी म्हटलेले नाही! खलनायक ही पदवी त्याला चाहत्यांनी दिली आहे.

याचा अर्थ तिचा तर्क खोटा असा नव्हे. प्रश्न पुराव्याच्या वजनाचा आहे. राजा-मंत्री-चोर-शिपाई हा चिठ्ठ्यांचा खेळ सर्वांनी खेळलेला असतो. मंत्र्याला उरलेल्या दोघांतून चोर ओळखायचा असतो. नुसता अंदाज केला तर निम्म्या वेळा बरोबर येईल. आता समजा मंत्री म्हणाला, "हा हसतोय, म्हणून हाच चोर." या हसण्याला वजन किती? शिपायाच्या वाट्याला आलेली मुले क्वचितच हसत असतील तर पुष्कळ. पण शिपाईही तितकाच हसत असेल तर त्या हसण्याला काडीचीही किंमत नाही, मंत्र्याला ते कितीही बोलके वाटो. तेव्हा पुराव्याला विचारायचे ते असे: माझा तर्क चूक असता तरीही तू असाच दिसला असतास काय?

गॅस्टरच्या पुराव्यांना हे विचारले की पंचाईत होते. दारामागची आकृती तो गॅस्टर असता तरी दिसली असती, आणि लेखकाने गंमत म्हणून ठेवलेले भूत असते तरीही दिसली असती. फाइलमध्ये पडलेली खोली हा मुद्दाम ठेवलेला दुवा असू शकेल किंवा टाकून दिलेल्या आराखड्याचा अवशेष. आपल्या शरीरातही माकडहाडासारखे अवशेष आहेत; त्यावरून आपल्याला पुढे शेपटी फुटणार असे कोणी म्हणत नाही.

भाच्याचा तर्क वेगळ्या जातीचा होता. टोबी फॉक्स यांचा दुसरा खेळ 'डेल्टारून'. त्याचे पहिले प्रकरण २०१८ च्या ३१ ऑक्टोबरला आले, दुसरे २०२१ च्या सप्टेंबरात. एकूण सात योजलेली आहेत. त्यात क्रिस नावाचे शाळकरी मूल आहे आणि 'नाइट', म्हणजे शिलेदार, नावाचा एक अदृश्य खलनायक. हा शिलेदार पाते जमिनीत खुपसून अंधाराची कारंजी निर्माण करतो असे कळते, पण तो दिसत नाही. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी क्रिस घरात सगळे झोपले असताना जमिनीत सुरी खुपसते आणि अंधाराचे कारंजे उसळते. भाच्याने तेव्हापासून धरून ठेवले होते: क्रिस हाच शिलेदार.

आम्ही दोघांना वहीचे एकेक पान दिले. पानावर दोन रकाने. पहिल्यात आपला तर्क लिहायचा. दुसऱ्यात लिहायचे, काय घडले तर मी माझे चुकले असे कबूल करीन. तिसरे आणि चौथे प्रकरण जूनमध्ये येणार होते, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायला वेळ लागणार नव्हता. भाच्याने दुसऱ्या रकान्यात लगेच लिहिले: "क्रिस आणि शिलेदार एकाच वेळी समोरासमोर दिसले तर." भाचीने पेन्सिल चावत बराच वेळ घालवला. तिचा रकाना रिकामा राहिला. जे काही घडेल ते गॅस्टरनेच घडवले असे म्हणता येत होते, आणि काहीच घडले नाही तर गॅस्टर लपला आहे असेही म्हणता येत होते. याचे तिला आधी कौतुक वाटले. "बघा मामा, माझा तर्क कुठंच अडत नाही!"

या वाक्यावर आम्ही हसू शकलो नाही. कारण हा रिकामा रकाना आम्ही स्वतः भोगलेला आहे.

२०१७ च्या हंगामात मराठवाड्यात आणि विदर्भात कापसावर गुलाबी बोंडअळी आली. ही अळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड हिरवेगार आणि फोडले तर आत नासाडी. खराखुरा पडद्याआडचा खलनायक. गावोगाव तर्क सुरू झाले. बियाणे बनावट, पाऊस अवेळी, औषध भेसळीचे. आमचाही एक तर्क होता: हवामान. ज्या शिवारात अळी जास्त, तेथे दमट हवा कारण. जेथे कमी, तेथेही हवेतच काहीतरी फरक असणार. आम्ही त्यावर तक्ते केले, एका बैठकीत मांडलेही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "कोणतं शिवार दिसलं असतं तर तुम्ही हा तर्क सोडला असता?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या तक्त्यांवर दोन महिने गेले होते. शेतकरी वाट पाहत होते.

दुसरा एक तर्क मात्र रकाना भरून उभा होता. बीटी कापसातल्या विषारी प्रथिनांना अळी दाद देईनाशी झाली आहे, हा तो तर्क. गुजरातेतल्या काही अळ्या पहिल्या प्रथिनाला पुरून उरल्याचे २०१० मध्येच जाहीर झाले होते. याची कसोटी घेता येते. शेतातल्या अळ्या आणायच्या, मोजून प्रथिन मिसळलेल्या खाद्यावर वाढवायच्या आणि किती मेल्या ते मोजायचे. साऱ्या मेल्या असत्या तर तर्क तेथेच संपला असता. तो संपला नाही, आणि म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेले नाही. युरेनसची चाल बिघडवणारा कोणीतरी अदृश्य ग्रह आहे असे फ्रान्सच्या लव्हेरिए यांनी गणिताने काढले आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत, सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत, नेपच्यून सापडला. मग बुधाची चाल बिघडलेली दिसली तेव्हा त्यांनी तीच युक्ती पुन्हा वापरली. १८५९ मध्ये त्यांनी सूर्याजवळचा एक लपलेला ग्रह सुचवला. त्याला व्हल्कन असे नावही मिळाले. तो कित्येक दशके 'दिसत' राहिला, म्हणजे ज्यांना पाहायचा होता त्यांना. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताने बुधाचा हिशेब जुळवला आणि त्या गुन्हेगाराची गरजच उरली नाही.

फरक एक मात्र आहे आणि तो मुलांना सांगायला हवा. बुध आपल्याला फसवण्यासाठी तसा फिरत नाही. खेळाचा लेखक मात्र दुवे मुद्दाम पेरतो, काही खोटेही पेरत असेल, आणि चाहत्यांचे तर्क वाचून पुढचे प्रकरण बदलूही शकतो. बोंडअळीचे उत्तर आम्हाला सापडो न सापडो, ते बोंडात असतेच. गॅस्टरचे उत्तर लेखकाने कधी ठरवलेच नसेल, तर ते कोठेच नाही.

४ जून २०२५ रोजी ती दोन प्रकरणे आली. दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन. तिसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस शिलेदार प्रत्यक्ष येतो आणि क्रिस व त्याचे सोबती त्याच्यासमोर उभे ठाकतात. "मामा, गेला माझा तर्क," तो म्हणाला. चार वर्षे सांभाळलेली वस्तू फुटल्याचा स्वर होता. पण पुढची वीस मिनिटे तो थांबला नाही: क्रिस शिलेदार नाही, मग त्याने सुरी का खुपसली? कोणासाठी? त्याला आता कितीतरी नवे प्रश्न सुचत होते. भाचीचा तर्क जसाच्या तसा होता आणि तिला नवे काही सुचलेले नव्हते. हे तिचे तिनेच आम्हाला सांगितले, जरा चिडून.

दिवाळीत पोखर्णीला गेलो तेव्हा तिने ते पान पुढे केले. रकाना भरला होता. 'डेल्टारून'च्या अगदी सुरुवातीला एक अनामिक आवाज खेळणाऱ्याशी बोलतो. तो गॅस्टरचा, असे बहुतेक चाहते धरून चालतात. तिने लिहिले होते: "सातही प्रकरणं संपेपर्यंत त्या आवाजाचा मालक दुसराच कोणी निघाला, तर माझं चुकलं." आम्ही शाबासकी दिली. तिने पान परत घेतले, वाचले आणि खाली पेन्सिलीने आणखी एक ओळ घातली: "आणि मालक कोण ते सांगितलंच नाही तर?"

आम्ही अजून तिला उत्तर दिलेले नाही.