तोफा रिटायर, तिकिटं तयार!

टेंभा मिरवायचा तर टेंभी नाक्यावरच मिरवावा! ठाणेकराला विचारा, तो सांगेल, आमचा नाका म्हणजे नवरात्रातली देवी, दहीहंडीचे थर आणि बारमाही ट्रॅफिक. पण मंडळी, इथे थर दोन प्रकारचे आहेत. एक गोविंदांचे, दुसरे इतिहासाचे. पहिले मिनिटभरात खाली येतात, दुसरे तीनशे वर्षं झाली तरी उतरायचं नाव घेत नाहीत.

आज आपण या दुसऱ्या थरांवर चढणार आहोत. विषय ऐकायला जड आहे: युद्धानंतर उद्ध्वस्त गावं उभी करायला आणि एकमेकांवर बंदुका रोखलेल्या माणसांना जवळ आणायला पर्यटन किती कामाला येतं? घाबरू नका, थिसिस वाचायला देत नाही. प्रश्न एवढाच आहे, की लढाई रिटायर झाल्यावर तिच्या घंटा, तुरुंग आणि पूल यांना पुढची नोकरी कोण देतं?

उत्तर: गळ्यात कॅमेरा, हातात पाण्याची बाटली आणि तोंडी 'इथे वॉशरूम कुठे आहे?' असा प्रश्न घेऊन उतरणारा टूरिस्ट!

चला, बस सुटतेय. खिडकी पकडा.

स्वर्गाचं दार, ठाणे पश्चिम

माहीत आहे का? स्वर्गाचं दार टेंभी नाक्याला आहे! इथल्या सिनेगॉगचं नाव 'शआर हाशमाइम', म्हणजेच स्वर्गाचं दार. १८७९ सालचं हे प्रार्थनामंदिर मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंचं. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून यांना लोक 'शनिवार तेली' म्हणायचे. दार स्वर्गाचं असलं तरी पार्किंग मात्र ज्याचं त्याने शोधायचं.

याच परिसरात पारशांची अग्यारी आहे आणि १९७८ साली आनंद दिघे यांनी सुरू केलेला देवीचा नवरात्रोत्सवही इथेच भरतो. म्हणजे दहा मिनिटांच्या पायपिटीत तीन धर्मांची दारं!

कैदी सुटला, सिनेगॉग उठलं

आता थोडं मुंबईकडे सरकू. अठराव्या शतकात बेने इस्रायल समाजातले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सांगतात, की टिपूच्या आईने बेने इस्रायल कैद्यांसाठी रदबदली केली आणि जीव वाचला.

सुटकेनंतर काय केलं असेल? बदला? छे! १७९६ साली त्यांनी मांडवीत सिनेगॉग बांधलं. मुंबईतलं हे सर्वांत जुनं. नाव 'शआर हारहमीम', म्हणजे दयेचं दार. आज हेरिटेज वॉकवाले तिथे मान वर करून फोटो काढतात. लोकल पकडताना ज्याचं नाव ऐकतो ते मस्जिद स्टेशन म्हणे याच 'मशिदी'वरून! मुसलमानी प्रार्थनाघराचा शब्द, ज्यूंचं देऊळ आणि उतरणारा प्रवासी कुठलाही. समेट म्हणजे आणखी काय असतं, राव?

मराठी हाच पासवर्ड

टेंभी नाक्यावरून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी हिसकावला. अर्ध्या शतकात तीन मालक! आजच्या रीडेव्हलपमेंटलाही हा वेग जमत नाही.

माहीत आहे का? या किल्ल्यातून एक कैदी गाण्याच्या जोरावर पळाला होता. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होते. पहारा गोऱ्या शिपायांचा, त्यांना मराठीचं ओ की ठो कळेना. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मजेत गाणं म्हणायचा आणि गाण्यात पळून जायचा अख्खा प्लॅन! सप्टेंबर १८१६ मध्ये डेंगळे पसार. मराठी येत नसेल तर काय होतं, याचं इतकं नामी उदाहरण शोधून सापडणार नाही.

किल्ला मात्र अजून रिटायर झालेला नाही. तिथे आजही मध्यवर्ती कारागृह आहे. क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच १९ एप्रिल १९१० रोजी फाशी देण्यात आलं. तेव्हा बाहेरूनच नमस्कार करा.

तोफा वाजल्या, पण सलामीला!

मराठ्यांचं राज्य १८१८ साली गेलं. त्यानंतर फक्त ३५ वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून २१ तोफांची सलामी घेऊन एक गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे. भारतातल्या या पहिल्या प्रवासी गाडीचं शेवटचं स्टेशन कोणतं? आपलं ठाणं! तोफांचा आवाज तोच, पण आता कोणी पळालं नाही, उलट बघायला झुंबड उडाली. लढाईचं हुकमी गाव एका दुपारी सहलीचं गाव झालं.

युद्धाची सुवेनिअर

टूरिस्ट फ्रिजला चिकटवायचं मॅग्नेट आणतो. मराठा सेनानी चिमाजीअप्पांच्या फौजेने काय आणलं? चर्चच्या अजस्र घंटा! मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांची वसई पडली आणि तिथल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पोचल्या. भीमाशंकरला बघा, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात बघा. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर तर १७०७ हे साल आहे.

'स्वदेस' सिनेमात दिसलेला घाट तो हाच! आता गंमत बघा. ही घंटा बघायला हिंदू येतो, ख्रिस्ती येतो, शाहरुखचा फॅनही येतो. लुटीची वस्तू तिघांच्या सेल्फीत मावते.

वसईच्या मोहिमेचं आणखी एक स्मारक ठाणे जिल्ह्यातच आहे. वसई मिळू दे, देऊळ बांधीन, असा नवस चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला केला होता. फेडला! ५२ पायऱ्या चढा, दर्शन घ्या, जवळच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवा. लढाईचा थकवा असा जातो.

पळसगावचा सूर्य इटलीत

आता पासपोर्ट काढा. इटलीतल्या माँतोने या छोट्या डोंगरी गावात एका मराठी माणसाच्या नावाचं सूर्यघड्याळ आहे, हे माहीत आहे का?

रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री. १० जुलै १९४४ रोजी तुकडीतले बाकीचे सगळे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशिनगनच्या मोर्चावर झडप घातली, तो निकामी केला आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इटलीच्या रणांगणावर दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांचे. त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय जवान परत आले नाहीत. जुलै २०२३ मध्ये माँतोने गावाने आणि इटलीच्या लष्करी इतिहासकारांनी मिळून हे स्मारक उभारलं. त्यावरच्या लॅटिन बोधवाक्याचा अर्थ: आपण सगळे एकाच सूर्याखाली. रोम, पिसा, व्हेनिस उरकून आलेल्या मराठी टूरमधल्या काका-काकूंनो, पुढच्या वेळी पिसाच्या मनोऱ्याला हाताने टेकू देण्याआधी इथेही एक वळण घ्या!

टायरवाल्यांची टिप

माहीत आहे का? पहिलं महायुद्ध रिटायर व्हायच्या आधीच टायरवाल्यांनी त्याचं गाइडबुक काढलं होतं! मिशलिन कंपनीची रणांगणं दाखवणारी पुस्तकं १९१७ पासून निघू लागली. युद्ध थांबलं १९१८ मध्ये. याला म्हणतात ॲडव्हान्स बुकिंग!

उंदीरमामा, गोल्ड मेडल

गणपतीबाप्पाच्या वाहनाला कमी लेखू नका. कंबोडियात युद्धानंतर जमिनीत सुरुंग उरले होते. ते कोणी हुंगले? आफ्रिकेतून आणलेल्या थोराड उंदरांनी! 'मगावा' नावाच्या उंदराने निवृत्तीपर्यंत ७१ सुरुंग आणि ३८ न फुटलेले स्फोटक गोळे शोधले. वजन सव्वा किलोच्या आसपास, त्यामुळे पाय पडला तरी सुरुंग फुटत नाही. टेनिस कोर्टाएवढी जागा तो अर्ध्या तासात तपासायचा, माणसाला डिटेक्टर घेऊन चार दिवसही लागतात. २०२० साली त्याला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं.

सियाम रीपला अंकोर वाट बघायला जाणारे पर्यटक आता या उंदीरमामांचं प्रात्यक्षिकही बघतात आणि तिकिटाचे पैसे सुरुंग काढण्याच्या कामाला लागतात. आणि हो, खुद्द अंकोर वाटची दुरुस्ती १९८६ ते १९९३ या धामधुमीच्या काळात कोणी केली? आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने. कॉलर ताठ करा.

गोरिलाचं बारसं

रवांडात १९९४ साली शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं. त्या देशाने पुन्हा उभं राहताना कोणाचा हात धरला? डोंगरातल्या गोरिलांचा.

गोरिला बघायचं परमिट १,५०० डॉलर! चेष्टा नाही. पण राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला १० टक्के वाटा आजूबाजूच्या गावांना मिळतो. काल सापळे लावणारा आज पर्यटकांच्या बॅगा वाहतो, वाट दाखवतो. आणि २००५ पासून गोरिलाच्या पिल्लांचं चक्क बारसं होतं. घुगऱ्या वाटतात की नाही, ते विचारून सांगा.

पूल पडला, पूल उठला

बोस्नियातला मोस्तारचा दगडी पूल १५६६चा. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी बोस्नियाच्या युद्धात तोफगोळ्यांनी तो नदीत कोसळला. २३ जुलै २००४ रोजी तसाच्या तसा पुन्हा उभा राहिला! आज त्यावरून पोरं नदीत सूर मारतात. मात्र पर्यटकांकडून पुरेसे पैसे जमेपर्यंत कठड्यावर नुसतेच आळोखेपिळोखे. ही धंद्याची युक्ती दहीहंडीवाल्यांनी अजून शिकलेली नाही.

रात्री पाकिस्तान, सकाळी भारत

लडाखचं तुर्तुक गाव १९७१च्या डिसेंबरापर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होतं. युद्धात सीमा सरकली आणि माणसं जागच्या जागी देश बदलून बसली. भाऊ तिकडे, बहीण इकडे. २०१० साली गाव पर्यटकांना खुलं झालं. आता तिथे होम-स्टे आहेत, जर्दाळू आहेत आणि 'चहात साखर कमी' असं सांगणारे मराठी पाहुणेही आहेत.

कारगिलजवळच्या हुंदरमानमध्ये तर सोडून गेलेल्या घरांचंच म्युझियम झालंय. पत्रं, भांडी, जुन्या वस्तू. आठवणी जपायच्या आणि त्यावर गावाने चार पैसे मिळवायचे, दोन्ही एकाच छपराखाली.

आणि महाराष्ट्र? काश्मीरमध्ये महाराष्ट्र भवनासाठी जमीन घेणारं पहिलं राज्य आपलंच. बडगामच्या इच्छगामला अडीच एकर, ८ कोटी १६ लाख रुपये, २०२४.

जरा थांबा

इथे बस हळू करू या. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं. त्यात आपल्या डोंबिवलीचे तिघं होते. फिरायला गेले होते, बस्स. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला एक स्थानिक घोडेवालाही त्यात गेला.

त्यानंतर काश्मीरमधली ४८ पर्यटनस्थळं बंद झाली, मग टप्प्याटप्प्याने उघडू लागली. बंद जागांच्या आसपासचे घोडेवाले, टॅक्सीवाले, शिकारेवाले रिकाम्या हातांनी बसले. पर्यटन ही जादूची कांडी नाही, हे असं कळतं. शांतता नसेल तर ते सर्वांत आधी मोडतं. हॉटेल बाहेरच्याचं आणि झाडू गावकऱ्याच्या हातात, असं असेल तर समेट कागदावरच राहतो. आणि गाइडने एकाच बाजूची गोष्ट सांगितली, तर जुनी जखम नव्याने उसवते.

म्हणून फॉर्म्युला साधा आहे: पैसा गावात राहायला हवा आणि गोष्ट दोन्ही बाजूंची ऐकायला मिळायला हवी. घंटा वसईचीही आणि मेणवलीचीही. पूल या काठाचाही आणि त्या काठाचाही.

शेवटचा स्टॉप: मिसळ!

तिकीट काढायला जमत नसेल तर येत्या रविवारी टेंभी नाक्याला या. सिनेगॉग बाहेरून बघा, अग्यारीचं दार बघा, किल्ल्याच्या भिंतीकडे नजर टाका. मग मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीच्या रांगेत उभं राहा आणि पुढच्या अनोळखी माणसाला विचारा, 'काका, इथे पोर्तुगीज होते, माहीत आहे का?'

लढाईत माणसं भिडतात, फिरताना मिसळतात. आणि मिसळ म्हटलं की ठाणंच! फक्त तर्री जपून मागा, ती अजून रिटायर झालेली नाही.